उत्तर इंग्लंड पाहून आलेले गृहस्थ

टेकडीवरच्या बाकावर एक गृहस्थ रोज सकाळी माझ्या शेजारी येऊन बसत. नाव विचारण्याची उसंत त्यांनी मला कधी दिली नाही. त्यांचा मुलगा संगणकाच्या नोकरीनिमित्त उत्तर इंग्लंडात स्थायिक झालेला, आणि हे त्याच्याकडे एकदाच राहून आलेले. पुस्तकाचे पान उलटावे तसे बोट ओले करून ते मोबाइलवरील छायाचित्रे सरकवीत. रोमनांची भिंत, यॉर्कशायरचे डोंगर, सरोवरे, मेंढ्या.

"हा मठ पाहा. छप्पर नाही, तरी तिकीट आहे!"

"पडके आपल्याकडेही पुष्कळ आहे," मी म्हणालो.

"अहो, पण तिथले पडके किती नीटनेटके!"

सिंहगड मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. तिथे म्हणे गर्दी असते.

एकदा मी विचारले, "यात चिरंजीव कुठेच दिसत नाहीत?"

"तो घरूनच काम करतो. माझ्या बोलण्याचा त्याला व्यत्यय होई. म्हणून सकाळीच मला बसमध्ये बसवून देई. त्यामुळे सगळे पाहून झाले."

"यंदा पुन्हा जाणार?"

"यंदा त्याने सासूबाईंना बोलावले आहे. त्या फार कमी बोलतात."

मग ते गप्प झाले. ही शांतता मी कित्येक सकाळी मनातल्या मनात मागत होतो. ती मिळाली, तेव्हा मीच विचारले, "आणखी काय पाहिलेत?"