आठाच्या पाढ्यातली नावं

सून प्रोग्रामर असली की सासूला काय काय भोगावं लागतं, ते आमच्या आईंना विचारा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी काष्टी गावात घरी बसून पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिते आणि त्या रोज सकाळी डेअरीला दूध घालतात. कंपनीनं डेअरीसाठी दिव्यांचा बोर्ड केला होता. दूध मापलं की घालणाऱ्याचं नाव आणि फॅट लाल अक्षरांत झळकणार. पहिला बोर्ड आपल्याच डेअरीत लावायचा, असा हट्ट मीच धरला. हौस, दुसरं काय!

पहिल्याच सकाळी घोळ. काहींची नावं झोकात आली, काहींच्या वेळी बोर्ड ठार कोरा. दुसऱ्या दिवशीही त्याच लोकांच्या वेळी कोरा. गावानं लगेच निदान केलं, "मशीनला पानी कळतंय!" झालं! ज्याचं नाव येत नाही तो दुधात पाणी घालतो. त्यात आमच्या आई! पावतीवर फॅट चांगली लागलेली, पण पावती कोण बघतंय? उलट ज्याच्या दुधानं चहासुद्धा पांढरा होत नाही, तो गडी आपल्या नावाखाली उभा राहून मिशीला पीळ देत होता.

आईंनी घरी येऊन किटली आदळली. "तुझ्या मशिनीला सांग, मी पानी घालत न्हाई. न्हाईतर मी डेअरीची पायरी चढनार न्हाई बघ." त्यांचे डोळे भरले होते.

मी कोड उघडून बसले. सकाळी बोर्ड सुरू झाला की सगळ्या सभासदांची नावं मेमरीत एकामागोमाग कॉपी व्हायची. मेमरीतल्या प्रत्येक घराला नंबर असतो. एक नाव जिथं संपलं तिथूनच मी पुढचं सुरू केलं होतं, जागा वाचावी म्हणून. एवढी चिक्कू मी बाजारातही नाही! यादीतलं पहिलं नाव मात्र कधीच चुकत नव्हतं. का बरं? अन् एकदम ट्यूब पेटली. बोर्डाकडे नाव पोचवणारी चिप फक्त आठाच्या पाढ्यातल्या नंबरावरून नाव उचलते. पहिलं नाव पाढ्यातल्याच नंबरावर सुरू व्हायचं, पण देवनागरी अक्षर तीन-तीन घरं खातं, त्यामुळे पुढचं नाव कुठं पडेल याचा नेम नाही. पाढ्यात पडलं तर झळकलं, नाहीतर कोरं. पाण्याचा काय संबंध, कप्पाळ!

मी खुर्चीवरून अशी उडाले की दारातली शेळी बिचकली. लगेच प्रत्येक नावाची लांबी मोजून ती आठाच्या पटीत वाढवली, तेवढी जागा धरली, नाव त्यात कॉपी केलं आणि आईंची विनवणी करून दुसऱ्या सकाळी त्यांना डेअरीवर नेलं. सासरेही मजा बघायला आले.

नाव आलं! पण थांबेचना. आईंच्या नावाला चिकटून यादीतल्या पुढच्या सभासदाचं नाव आलं. ते शेजारच्या मळ्यातले एक विधुर अण्णा. डेअरीत हशा पिकला. आईंनी पदर तोंडावर ओढला, "आता तर माझं लगीनच लावलंस व्हय गं!" सासरे हसून हसून खांबाला टेकले.

अगं बाई! नाव संपलं हे सांगायला शेवटी एक शून्य लागतं, त्याची जागा मी नव्या हिशेबात मोजलीच नव्हती. आईंचं नाव नेमकं आठाच्या पटीत बसलेलं, मग शून्याला घरच उरलं नाही. पुढचं नाव येऊन त्याच्या डोक्यावरच बसलं. आधी एक मिळवायचा, मग आठाच्या पटीत न्यायचं, एवढंच राहिलं होतं! दुपारी ते केलं, सगळी यादी तपासली आणि एकटीच टाळ्या पिटत घरभर नाचले.

पुढच्या सकाळी आईंनी किटली ओतली. बोर्डावर त्यांचं नाव आलं. पूर्ण, स्वच्छ, आणि त्यांचं एकटीचंच. खाली फॅट. मला रडू येतंय की हसू तेच कळेना.

आई मात्र जागच्या हलेनात. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, सरका की, लई जन थांबल्यात."

"थांबू दे," आई म्हणाल्या. "कोरं हुतं तवा समद्यांनी बघितलं नव्हं? आता वाचा. मोठ्यानं."

कुणीतरी हसत सुरुवात केली आणि बघता बघता अख्ख्या रांगेनं एका सुरात आईंचं नाव वाचलं.

आईंनी रिकामी किटली उचलली, दोन पावलं गेल्या आणि मागं वळल्या.

"फॅट कोन वाचनार?"