इस्त्रीवाल्याची विश्वोत्पत्ती

या इस्त्रीवाल्याला एक दांडगी खोड होती: विश्व कसं सुरू झालं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धुवायचे कपडे गाठोड्यात कोंबतात ना, तसं सुरुवातीला सगळं एकात एक कोंबलेलं होतं. मग गाठ सुटली. सगळं भसकन बाहेर आलं, पसरलं, आणि ज्या सुरकुत्या राहिल्या ते म्हणजे तारे. "गाठ सोडली कोणी?" असं बायकोने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं. तीस वर्षं झाली, उत्तर अजून चालूच आहे.

दुकानासमोर राहणारे कॉलेजातले सर महास्फोटवाले. शेजारची शिंपीणबाई अंड्यावर ठाम: अंडं फुटलं, वरचं कवच आभाळ, खालचं जमीन. बोलणं असं, जणू तिघंही तेव्हा मांडी ठोकून समोर बसले होते!

त्या सकाळी इस्त्रीवाल्याच्या मुलीची मुलाखत होती. दोन वर्षं अर्ज खरडून आलेली पहिलीच. तिचा एकुलता एक पांढरा शर्ट बापाच्या टेबलावर होता, दहाची बस होती, आणि सर नेमके तेव्हाच टपकले.

"मुळात स्फोट म्हणजे फटाका नव्हे," सर म्हणाले.

"मग गाठच की! मी काय वेगळं सांगतोय?" विश्व केवढं पसरलं ते इस्त्रीवाल्याने हात फैलावून दाखवलं. दोन्ही हात. इस्त्री शर्टावर तशीच.

वास आधी शिंपीणबाईंना आला. "अहो, जळतंय!"

पाठीवर बरोब्बर मधोमध तपकिरी त्रिकोण. आजवर हाताखालून हजारो शर्ट गेले, एकाला डाग नाही, आणि आपल्याच पोरीचा! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात ढीगभर कपडे होते, पण सगळे लोकांचे.

मुलगी आली. तिने शर्ट पाहिला, सरांना पाहिलं. "बाबा, आज एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं तर?" एवढंच म्हणाली. पडद्यामागे जाऊन तोच शर्ट घालून आली आणि निघाली.

सर मात्र सर! घसा खाकरून म्हणाले, "तर मुद्दा असा, की पहिल्या क्षणाच्या आधी काय होतं?"

"मला काय माहीत!" इस्त्रीवाला खेकसला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

समोर थांब्यावर रांग लागली होती. मुलगी रांगेत नव्हती. ती बाजूच्या भिंतीला पाठ टेकून उभी होती, आणि बस आली तरी सगळे चढेपर्यंत जागची हलली नाही.