एका रिंगचा निरोप

परतूरच्या एका जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या टेम्पोंची रांग लागली होती. गाडीवाल्यांना निरोप पाठवणारं ॲप मी बनवत होतो. त्यासाठी जुन्या मोबाइलवरही चालेल अशी तयार कोडची लायब्ररी निवडायची होती. तीन लायब्रऱ्या तपासायला मी एका टेम्पोवाल्याचा फोन मागितला. झाकणाला रबरबँड लावलेला तो फोन त्याने शर्टाला पुसून दिला.

"सध्या निरोप कसा येतो?" मी विचारलं.

"वजनकाट्यावरून एक रिंग आली का आपला नंबर. मी बी उलटी एक रिंग देतो, म्हंजी कळलं. खर्चा बिलकुल न्हाई."

मी समजूतदारपणे हसलो. पहिल्या दोन लायब्रऱ्यांनी फोन हँग केला. तिसरी चालली, निरोप पोचला, पोचपावतीही आली. फोन हँग असतानाच काट्यावरून रिंग आली असावी; उलटी रिंग न मिळाल्यामुळे काटेवाल्याने मागचा टेम्पो आत घेतला होता.

टेम्पोवाला चिडला नाही. फोन पुन्हा पुसत म्हणाला, "तुमचं बराबर चालून राह्यलं, साहेब. फकस्त माझा फोन वाजला न्हाई."

अहवालात मी 'चाचणी यशस्वी' लिहिलं. फोनमालकाच्या नावाचा रकाना रिकामा राहिला. मॉडेल मात्र मी नीट विचारून घेतलं होतं.