कोयरीतली हळद आणि माझा रंग

माझ्या नखांत हळद होती. ते मी नाकारत नाही, तेव्हाही नाकारलं नव्हतं. आदल्या दिवशी बरकतपुऱ्यात आमच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू झालं होतं आणि आलेल्या सगळ्या बायकांना हळद मीच लावली होती.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्या पेशींच्या डिशमध्ये पहिल्यांदा हिरवा उजेड दिसला. कॅन्सरच्या गाठीत काही मोजक्या मूळ पेशी असतात. औषधानं बाकीच्या मरतात, या दडून राहतात आणि गाठ पुन्हा उभी करतात. दिसायला मात्र चारचौघींसारख्याच. त्यांच्यात एक एन्झाइम जास्त असतं. ते भेटलं की उजळेल असा रंग बनवण्यात माझी पीएचडीची सगळी वर्षं गेली होती. पी हळद नि हो गोरी, असलं ते काम नव्हे.

माझ्या गाईडसरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. मग माझ्या बोटांकडे पाहिलं.

"अरे अम्मा, ये तुम्हारा डाय नहीं, तुम्हारी हल्दी चमक रही है।"

सगळी लॅब हसली. हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते, हे खरंच आहे. पण हातमोजे मी काय शोभेला घातले होते? ते कोण ऐकतो! हा रंग आता सोड, दुसरा विषय देतो, असं सांगून सर निघूनही गेले.

मी धुमसत घरी आले आणि बेसिनपाशी लिंबाच्या फोडीनं नखं घासायला लागले. आई दारात येऊन उभी राहिली.

"कायकू घासतीस गं एवढं? चोरी केली काय तू?"

"सर म्हणतात, डिशमध्ये हळदच चमकली."

"मग ने की हळद. दाखव त्यांना, कशी चमकती ते."

लिंबू मी तिथंच टाकलं. मला स्वतःचाच राग आला होता. सकाळी आईची हळदीनं भरलेली चांदीची कोयरी पर्समध्ये घातली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

म्हटलं, काही डिशमध्ये ही हळद घालू, काहींत माझा रंग. दोन्हींतल्या निम्म्या डिशमध्ये एन्झाइम बंद पाडणारं औषधही घालू. माझा रंग खरा असेल तर औषधानं विझेल. हळदीला एन्झाइमचं काय सोयरसुतक? ती चमकतच राहील. डिशवर खुणा तुम्हीच करा, मला सांगू नका.

"और नहीं बुझा तो?"

"तो मैं ख़ुद छोड़ दूँगी।"

याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. म्हणोत.

अंधाऱ्या खोलीत सर एकेक डिश पाहत गेले. पहिल्या काहींत पेशी न् पेशी हिरवी, सरसकट. मग एकीत काळोखात थोड्याच पेशी उजळलेल्या. पुढच्या डिशपाशी सर थांबले. फोकस फिरवला, दिवा तपासला, पुन्हा फोकस फिरवला.

"ये तो काली है।"

त्यांनी डिश उचलून स्वतःची खूण वाचली. माझा रंग, औषधासकट. हळदीच्या डिश औषध घालूनही जशाच्या तशा चमकत होत्या.

सरांनी डिश खाली ठेवली. मग कोयरीचं झाकण लावून ती माझ्या हातात दिली. "काम चालू रखो," म्हणाले. "लेकिन ये हाथ धोके आया करो।"

"हाथ धुले हुए हैं, सर।"

पुढच्या चैत्रात आई बायकांना हळद लावत माझ्यापाशी आली आणि थबकली.

"तुला उद्या लॅब हाय न? नक्को लावू?"

मी दोन्ही हात पुढे केले.