जाते म्हण, जाते!

खांडबाऱ्याची प्रिस्किला दिवसा ब्लाउज शिवते आणि संध्याकाळी मोबाइलवरच्या खेळात पाच जणांची टोळी घेऊन धडाधड गोळ्या झाडते, बाई! नवी आलेली वहिनी रूथ टोळीत टिकते का, एवढाच तिला घोर होता. पहिलाच डाव रूथनं बुडवला. दाराची राखण सोडताना म्हणाली, "येते हं!" मदतीला येतेय समजून सगळे पुढं घुसले आणि उघड्या दारातून शत्रू पाठीवर आला.

"काढा हिला!" टोळीतला इमॅन्युएल करवादला.

प्रिस्किला म्हणाली, "वहिनी, घरातनं निघताना म्हण 'येते'. इथं जागा सोडलीस तर 'जाते'च म्हणायचं!"

"अशुभ ना गं ते?"

"आम्ही सगळे मेलो, ते शुभ झालं का?"

पुढच्या डावात रूथ बेंबीच्या देठापासून ओरडली, "दार सोडून जाते!" इमॅन्युएलनं पळत जाऊन दार धरलं, डाव जिंकला. आता तोच रोज विचारतो, "रूथताई आल्या का?"