टक्क्यांची अट खाली आली तेव्हा

ऑफिसात झेरॉक्सची एक प्रत मागितली की आपण पाच काढून ठेवतो ना? आमच्या ओट्यावर किस्स्यांचं तसंच झालंय. काम एक करायला बसावं, आणि उठताना गोष्टी पाच जमलेल्या! आता गठ्ठा एवढा वाढलाय की कुणाला तरी सांगून मोकळं व्हायलाच हवं.

ओटा माझ्या घराचा, सुरतेत, गोडादऱ्याला. मी छाया. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर लावून चालते आणि घरबसल्या साड्यांना लेस लावते. पाय एक अधू असला तरी माझं तोंड दोन्ही पायांनी पळतं, असं आई म्हणायची. रविवारी सकाळी ओट्यावर आमची बैठक असते. अगरबत्त्या विकणारे देवाजीभाऊ, ते अंध. सुमनताई आणि तिची वीस वर्षांची जागृती, जी मनानं पाच-सहा वर्षांचीच राहिली. आणि भिकनभाऊ, कापडाच्या लूमवर आयुष्य काढलं आणि दोन्ही कान तिथंच ठेवून आले.

विषय एकच, सरकारची दिव्यांगांना दरमहा मदत देणारी योजना. तिचे नियम बदलले होते. आम्हाला सगळ्यांनाच गरज, पण भिकनभाऊंचं काही बघवत नव्हतं. मालकानं जुने लूम भंगारात काढले, नव्या ठिकाणी कुणी बहिऱ्या माणसाला घेईना. त्यांची बायको, आमच्या कमलवहिनी, साड्यांचे धागे कापून घर चालवत होत्या. जुन्या नियमात भिकनभाऊंचे अपंगत्वाचे टक्के थोडक्यासाठी कमी पडायचे. त्यामुळे आमच्या सगळ्यांचा जीव त्यांच्या फाइलीत अडकलेला!

* * *

नियम बदलले ते कळलं मोबाइलवर. गुजरातीत भलं लांब पत्रक आलं. सुमनताई म्हणाली, "योजना बंद झाली वाटतं!" मी म्हटलं, "नाही गं, डबल झाली!" अर्धा तास आमची जुंपली.

देवाजीभाऊ शांतपणे कानाला फोन लावून बसलेले. त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. पत्रक संपलं तसे म्हणाले, "बंद नाही, डबल नाही. टक्क्यांची अट खाली आणली. गरिबांच्या यादीत नाव पाहिजे, ती अट काढली. पण जुनं सर्टिफिकेट चालणार नाही, नवं कार्ड काढा आणि अर्ज ऑनलाइन करा."

"तुम्हाला एवढं कसं कळलं हो?"

"मी शेवटपर्यंत ऐकलं. डोळे असले की माणूस वरची ओळ बघतो आणि भांडायला लागतो!"

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर काहीही आलं की आधी देवाजीभाऊंच्या फोनला विचारायचं, असा नियमच झाला.

* * *

नवं कार्ड म्हणजे फोटो आला. मी माझ्याच हातची लेस लावलेली साडी नेसून स्टुडिओत गेले. तिथं सांगितलं, उभा फोटो काढा, पाय दिसू द्या.

संध्याकाळी फोटो घ्यायला गेले. स्टुडिओवाला गुजराती, लग्नाच्या मुलींचे फोटो करण्यात त्याचा हातखंडा. मोठ्या कौतुकानं पाकीट पुढं केलं, "जुओ बेन, मस्त करी दीधुं!"

बघते तर काय, कॅलिपर गायब! पट्ठ्यानं कॉम्प्युटरवर माझे दोन्ही पाय सारखे करून दिले होते! वर रंगही उजळलेला.

"अरे भाई, हा लावला तर मला फुटकी कवडी मिळणार नाही!" मी ओरडलेच. बिचारा इतका वरमला, की दुसरा फोटो फुकट काढून दिला. पहिलाही परत घेतला नाही. तो माझ्या कपाटात आहे. कधीतरी काढून बघते, खोटं कशाला बोलू?

* * *

सुमनताई टक्के म्हणजे मार्क समजते. मागे जागृतीचा अर्ज परत आला तेव्हा घरी येऊन रडली होती, "छाया, थोडक्यात गेली गं पोरगी!"

या वेळी ऑफिसात ऑनलाइन अर्ज भरून घेणाऱ्या बेननं कागद बघितले आणि सांगितलं, जागृती नव्या नियमात बसते. ही बेन म्हणजे देवमाणूस! ऑफिसच्या रॅम्पवर लोकांनी गाड्या लावलेल्या, म्हणून मला वर जाता येईना. ती स्वतः खाली आली, पायरीवर माझ्या शेजारी बसली आणि मांडीवर कागद ठेवून तिनं आमच्या सगळ्यांचे अर्ज तपासले. असं माणूस भेटलं की निम्मं दुखणं तिथंच कमी होतं.

तर सुमनताईनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. "आमची जागृती पास झाली!"

शेजारीण म्हणाली, "अय्या, कोणत्या परीक्षेत?"

सुमनताई म्हणाली, "शाळेनं तिला तीनदा घरी पाठवलं, बाई. कोणत्या का परीक्षेत असेना, पास झाली!"

जागृतीनं स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही लपलं नाही.

* * *

भिकनभाऊंची कथाच वेगळी. लूमच्या खटखटीत कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथं सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. मराठी, हिंदी, गुजराती, सगळे ओठ भिकनभाऊंना वाचता येतात. त्यामुळे कान कधी गेले, ते कारखान्यात कुणाला कळलंच नाही!

नव्या कार्डासाठी त्यांना घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी समोर बसून विचारलं, "नाव?"

"भिकन."

"वय?"

"छप्पन."

"ऐकू कधीपासून येत नाही?"

"पंधरा वर्षं झाली, साहेब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तर फटाफट उत्तरं देताय!"

मी म्हटलं, "डॉक्टर, मास्क लावून विचारा ना."

त्यांनी मास्क लावला आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

भिकनभाऊंनी मास्ककडे क्षणभर बघितलं आणि ठासून सांगितलं, "छप्पन!"

डॉक्टर हसले, पण मशीनवर तपासणी नीट केली. टक्के नव्या अटीत चोख बसले. भाऊंनी बाहेर येऊन मला विचारलं, "छायाताई, छप्पन चुकलं का?"

* * *

आता राहिली शेवटची पायरी, घरी येऊन चौकशी. चौकशीचे साहेब आले एका दुपारी. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. गल्लीत शिरले आणि पहिल्याच दारात इंदूबाईला विचारलं, "भिकनभाई कैसे आदमी हैं? कान से सुनाई देता है?"

भिकनभाऊंची मुलगी पूनम लग्नाची. अनोळखी माणूस घरची चौकशी करतो म्हणजे सोयरीकच, दुसरं काय? इंदूबाई पदर सावरून म्हणाली, "कान? एकदम तेज! सुई पडी तो भी सुनते!" पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तर म्हणे, "पूरी गल्ली में उनके जैसा कान नहीं!"

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग भाऊंच्या घरी बसून दहा प्रश्न विचारले, भाऊंनी तोंडाकडे बघून दहाच्या दहा उत्तरं दिली आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवायला उठले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सर्टिफिकेट खोटं दिसतंय. रिपोर्ट तसाच जाईल."

कमलवहिनी धावत माझ्याकडे आल्या. "आते काय करू वं माय!" मी कॅलिपर खडखडवत पोचले, मागून सगळी गल्ली. मी ओरडून सांगितलं, हे योजनेचे साहेब आहेत! इंदूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. हात जोडून म्हणाली, "साहेब, काही ऐकू नाही येत हो त्यांना! ठार बहिरे आहेत!"

"अभी तो आप बोलीं, सुई पडी तो भी!"

"ते पोरीच्या लग्नासाठी होतं, साहेब!"

साहेबांची नजर कोपऱ्यात गेली. आमच्याकडे पाठ करून भिकनभाऊ गॅसवरच्या पातेल्यात साखर टाकत होते. एवढा गलका झाला, तरी त्यांनी मान वळवली नव्हती. साहेबांनी फाइल उघडली, आधीचं लिहिलेलं खोडलं, सही केली आणि भाऊंच्या पाठीमागे जाऊन मोठ्यांदा म्हणाले, "भिकनभाई, तमारी फाइल पास!"

कुणी टाळी वाजवली, कुणी देवाचं नाव घेतलं. कमलवहिनी तर पदरात तोंड घालून हमसून रडायला लागल्या. मीही रडत होते, इंदूबाई सगळ्यांत जास्त.

भाऊंनी चहा गाळला, कप घेऊन वळले आणि दारात दाटलेली ती रडवेली गर्दी बघून घाबरलेच.

"अरे, रडता काय असे? चहा सगळ्यांना पुरेल!"