गेंडा बघायला गेले, गवत बघून आले

परवा मी नेपाळातनं आले. तेव्हापासून दारात रांग लागलीय... "गेंडा कसा असतो गं?" एकेकीला सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाच लिहून महिला मंडळाच्या फळ्यावर लावतेय. तिसरीपर्यंत शिकलेय, चुका काढत बसू नका.

तर गेल्या बुधवारी मी हत्तीवर बसले होते! नऊवारी होतं म्हणून बरं. पाचवारीवालीचं ते काम नाही.

माझा धाकटा भाऊ शंकर मिलिटरीत ड्रायव्हर होता. त्याच्या बराकीतला दोस्त दलबीर, तो नेपाळचा. तिकडं जंगलाच्या कडेला त्याची शेती आहे आणि मेहुणा सरकारी हत्तीवर माहूत. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, या, गेंडा दाखवतो. यंदा शंकर म्हणाला, "अक्का, येतीस का?" मी लगेच हो म्हणाले. विचार करत बसलं की जाणं होत नाही.

धाकटी जाऊ मात्र फिस्सकन हसली. "बाई, तुमी जामखेडच्या पुढं कधी गेलाय का? म्हनं गेंडा बघनार! कोन खरं मानंल?" झालं... आता गेंडा बघितल्याशिवाय हिला तोंड दाखवायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं.

शंकरनं त्याचा मिलिटरीचा पिट्टू माझ्या पाठीला बांधला. पिट्टू म्हणजे खाकी पिशवी, दोन्ही खांद्यांत पट्टे अडकवायचे. आत दोन लुगडी, शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या कडक भाकरी. आणि हात मोकळे! जन्मभर डोक्यावर नि कमरेवर ओझी वाहिली आपण, हे कुणी आधी का नाही सांगितलं?

मनमाडपासून रेल्वे बदलत बदलत गेलो. हद्दीला टांगा, पुढं ट्रकमध्ये पोत्यांवर, शेवटी गुडघाभर पाण्यातनं नदी पार. लांबवर बर्फाचे डोंगर दिसले, ते मला आधी ढगच वाटले... शंकर दमला. मी नाही.

पहिल्या दिवशी काय झालं तेही सांगते, लपवत नाही. सकाळी हत्ती निघाला. पुढं माहूत, मागं शंकर आणि मी. बराच वेळ काहीच नाही. मग माहुतानं हात वर केला, झाडीत काहीतरी काळं हललं, आणि मी ओरडले, "शंकऱ्या, त्यो बघ, त्यो बघ!"

सळसळ झाली आणि संपलं. दिसली ती फक्त शेपटी.

माहुतानं बिचाऱ्यानं हत्ती मागं वळवला. शंकर बोलला. "अक्का, तुझा आवाज ऐकून त्यो आता नगरला पोचला आसंल."

दलबीरनं मेहुण्याची मनधरणी करून आणखी एक फेरी मिळवली. बुधवारची, शेवटची. त्यानंतर हत्ती दुसऱ्या कामाला जाणार होता. मी शंकरला म्हणाले, "मी बोलले तर मला खाली ढकल." आणि पदराचा बोळा तोंडात धरून बसले.

हत्ती नदीपलीकडं गेला. आणि मग गवत आलं...

कसं सांगू? हत्तीवर बसलेल्या माझ्या डोक्याच्या वर गवत! हत्ती त्यात बुडाला. हात लांबवला की मूठभर हातात. हिरवं, जाड, पात्याला धार. माझी तर बोटं चिरली.

मागच्या दुष्काळात आपण काय काय केलं, ते तुम्हाला सांगायला नको. मी चंद्री गाय आणि तिची पाडी, दोघींना गुरांच्या छावणीत नेऊन बांधलं होतं. परत आली ती एकटी चंद्री. तेव्हा ओंजळभर हिरव्या चाऱ्यासाठी मी पाय तुटेस्तोवर हिंडले होते... आणि इथं हे!

तेवढ्यात गवत बाजूला झालं. गेंड्याची मादी, पोटाशी पिल्लू. इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता. अंगावर जाड पत्रे ठोकल्यागत कातडं, नाकावर शिंग, आणि डोळे मात्र एवढेएवढेसे. तिला माझी काही पडली नव्हती. ती चरत होती. कचाकचा, पोटभर. पिल्लू मधेच ढुशी देऊन दूध पीत होतं.

पदर तोंडातनं कधी गळला, कळलंच नाही. तोंड मोकळं होतं, पण शब्द निघेना. शंकर घाबरून मागं वळला. "अक्का, हायस ना?" मी त्याला चिमटा काढला.

पोट भरल्यावर ती पिल्लाला पुढं घालून सावकाश निघून गेली. मी दोन मुठी गवत उपटलं, घड्या घातल्या आणि पिट्टूत कोंबलं.

घरी आले तर जाऊबाई दारातच. "आनला का गेंडा पिट्टूत घालून?"

मी म्हणाले, "त्याचं जेवन आनलंय." आणि गवत तिच्या हातात दिलं. वाळलं होतं, पण तिनं एक पातं उलगडलं तर तिच्या उंचीहून लांब भरलं. तिचं हसू थांबलं. "आनि ह्ये आसंच उभं आसतं? कोन कापत न्हाई?"

"न्हाई."

गेंड्याचं तिनं पुढं काही विचारलंच नाही.

दोघी गोठ्यात गेलो. चंद्रीपुढं गवत टाकलं. तिनं हुंगलं, फुर्र केलं आणि तोंड फिरवून आपला कडबा खायला लागली! जाऊ हसून हसून खाली बसली. मीही. एवढ्या लांबनं पाठीवर वाहून आणलं आणि ही नखरे करते...

करू दे. यंदा गव्हाणीत नखरे करण्याइतका कडबा आहे.